तळ्यातले राजहंस

सोनेवाडीच्या वत्सलाकाकूंना टायपिंग येत नसे, पण फोनशी गप्पा मारता येत. आपण बोलू त्याचं एआय चित्र काढून देतं, हे कळल्यापासून त्या नऊवारी नेसलेली मांजर, सायकलवर बसलेला फणस असली चित्रं गावाच्या ग्रुपवर टाकत आणि स्वतःच हसत बसत.

एकदा त्यांनी गावतळ्याचं चित्र टाकलं. काचेसारखं पाणी, दगडी घाट, कारंजी आणि पांढरेशुभ्र राजहंस! खऱ्या तळ्यात होती जलपर्णी आणि डुंबणाऱ्या म्हशी. लोक पोट धरधरून हसले. सरपंच हंबीरराव मात्र भडकले.

भर ग्रामसभेत त्यांनी काकूंना उभं केलं. "ही गावाची बदनामी आहे! कुठाय घाट? कुठायत कारंजी? हे खोटंनाटं तुमच्या डोक्यात भरवलं कुणी? नाव सांगा, आत्ता पोलिसांत देतो त्याला!"

काकूंनी शांतपणे विचारलं, "सरपंच, यातलं काहीच खरं नाही?"

"काही म्हणजे काहीच नाही!"

"मग सांगते. तळ्याचं सुशोभीकरण पुरं झालं म्हणून परवा तुम्ही माइकवर भाषण केलंत ना, तेव्हा मी फोन नुसता कर्ण्यासमोर धरला होता. माझा त्यात एकही शब्द नाही. राजहंससुद्धा तुमचेच."

सभेत खसखस पिकली. हंबीररावांनी घाम पुसत ग्रामसेवकाला पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

पुढचा विषय होता, तळ्याच्या सुशोभीकरणाबद्दल सरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव.