वाटजाईच्या वेशीतलं शेवटचं पाऊल

खूप पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की त्या डोंगरांना अजून कुणी नावंही दिली नव्हती.

एका डोंगराच्या पोटाशी पंचवीस-तीस उंबऱ्यांची वाडी होती. रानात नाचणी आणि वरई पिके, प्यायचं पाणी अर्ध्या कोसावरून आणावं लागे. अशा वाडीला एरवी कुणी ओळखलं नसतं. पण तिथं वाटजाईचं ठाणं होतं, म्हणून सात परगण्यांत तिचं नाव होतं. देऊळ म्हणजे तरी काय, चार दगडी खांब, वर छप्पर, आणि आत शेंदूर माखलेला हातभर उंचीचा दगड.

त्या ठाण्याची रीत मात्र जगावेगळी होती. चैत्रातल्या जत्रेला दिवसभर माणसं वेशीतून आत येत. ऊन कलून दीपमाळेची सावली देवळाच्या पायरीला लागली, की गुरव नगारा वाजवी आणि वेस बंद होई. मग गुरव विचारी, "शेवटचं पाऊल कुणाचं?" ज्यानं सगळ्यांच्या शेवटी वेशीत पाऊल टाकलं असेल, त्याचं दर्शन पहिलं. त्यानं देवीच्या कानी लागून एक मागणं मागायचं. वर्षातून एकच माणूस, एकच मागणं. दगडाला कान कुठं होता? मागणारा जिथं तोंड नेईल तिथं देवीचा कान, असं गुरव सांगे.

रीत का पडली, तेही जुनी माणसं सांगत. शेवटी येणारा काही हौसेनं उशिरा येत नाही. त्याचे पाय दुखत असतात, नाहीतर घरचं काम उरकत नाही, नाहीतर वाटेत कुणाला हात द्यायला तो थांबलेला असतो. धडधाकट माणसं पहाटेच येऊन उभी राहतात. त्यांचं काय अडलंय? त्यांनी थांबावं.

रीत चांगली होती. पण माणसं हुशार. दोन पिढ्यांत त्यांनी ती बरोब्बर उलटी करून ठेवली. जत्रेच्या दिवशी वेशीबाहेर पाहावं, तर माळावर ही गर्दी! एकजण सकाळपासून पायातला काटा काढतोय, आणि पायात काटाच नाही. दुसऱ्यानं पाचव्यांदा धोतर सोडून पुन्हा नेसलेलं. बायका ओढ्यावर पाय धुताहेत ते धुताहेतच. आत वाडीतल्या बाया भाकऱ्या थापून पाहुण्यांची वाट बघत बसत, आणि पाहुणे बाहेर झुडपाआड दडलेले.

अशा एका जत्रेला नदीकाठच्या गावची येसाक्का पाटलीण आपल्या यजमानांना, गोंदाजी पाटलांना, बैलगाडीत घालून घेऊन आली.

येसाक्का कर्ती बाई. घर, गोठा, शेत सगळं तिच्या बोटावर चाले. तिची गावात ख्यातीही होती, की पाटलीण असून कधी पुढं पुढं करत नाही. हळदीकुंकवाला ती दाराशी बसे. पंगतीत शेवटी जेवी. पण आपण शेवटी जेवतो हे पाचजणींना ऐकवल्याशिवाय तिचा घास घशाखाली उतरत नसे.

गोंदाजीचे डोळे दोन वर्षांपासून जात चालले होते. आता नुसता उजेड कळे आणि माणसांच्या सावल्या. वैद्यानं सांगून टाकलं होतं, "पाटलीणबाई, दिवाळीपर्यंत एवढंही राहायचं नाही. माझ्या हातात आता काही नाही." तेव्हापासून येसाक्काचा जीव टांगणीला लागला होता. वैद्याच्या हातात नाही, तर देवीच्या हातात असेल. पुढल्या जत्रेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. शेवटचं पाऊल याच वर्षी पडायला हवं होतं.

गाडी वेशीपासून हाकेच्या अंतरावर जांभळीखाली सोडली. गाडीवान बैलांना वैरण टाकून आत निघून गेला. त्याला काही मागायचं नव्हतं, भूक लागली होती.

"आलो का गं?" गोंदाजीनं विचारलं.

"आलो. पण अजून आत नाही जायचं."

"का? घंटा वाजतीय की. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून आलो होतो मी. त्या दगडावर एकदा हात ठेवावा वाटतो."

"ठेवाल. नगारा वाजायच्या आधी शेवटी शिरू. तुमच्या डोळ्यांसाठीच चाललंय ना हे सगळं?"

"येसू, माझ्या पोटात सकाळपासून काही नाही. डोळ्यांचं मग बघू, आधी भाकरीचं बघ."

"तुम्ही गप्प बसून राहा बघू," असं म्हणून तिनं त्याच्या हातात दोन केळी दिली आणि रस्त्याकडं वळली.

तर रस्त्याच्या पलीकडं, कवठाखाली, एक मेणा टेकलेला. मेण्यात कुणी सरदारीणबाई. तिला आपल्या लेकासाठी सुभेदारी मागायची होती. बाईंनी पडदा बोटभर बाजूला केलेला, आणि त्या बोटभर फटीतून त्यांचा डोळा येसाक्कावर.

येसाक्का काय समजायचं ते समजली. उठून गेली आणि हात जोडून म्हणाली, "बाईसाहेब, उन्हात का बसलात? व्हा ना आत. आम्ही साधी माणसं, येऊ मागनं."

"छे, छे!" सरदारीणबाई गोड हसल्या. "तुमच्यासोबत आजारी माणूस दिसतंय. आधी तुमचा मान."

"मान कसला? आमची सवय मागं राहायची. आमच्या गावात कुणालाही विचारा."

"आम्हालाही आमच्या माहेरी हेच शिकवलंय. तुम्ही व्हा."

"तुम्ही व्हा."

असं दहा-बारा वेळा झालं. मग दोघी आपापल्या झाडाखाली परत जाऊन बसल्या.

सावली लांबत चालली तसा माळ रिकामा होऊ लागला. वेस बंद झाली तर यंदाचं दर्शनही गेलं, वेस मग दुसऱ्या दिवशीच उघडे. त्या भीतीनं काटेवाला उठला, धोतरवाला उठला, ओढ्यावरच्या बायका ओल्या पायांनी पळाल्या. उरल्या दोघी. येसाक्का जांभळीच्या बुंध्याआड उभी राहून मेण्याकडं बघत होती. तिचं तिकडं इतकं ध्यान लागलं होतं, की गाडीत काय चाललंय ते तिला कळलं नाही.

झालं असं, की एक बुरूडीण डोक्यावर सुपांचा भारा घेऊन घाईघाईनं त्या वाटेनं आली. तिला खरोखरीच उशीर झाला होता.

"आजोबा, नगारा झाला का हो?"

"नाही अजून. तू कुठं होतीस इतका वेळ?"

"सासू म्हणाली, गोठा उरकून जा. गोठा उरकला तर म्हणाली, दळण दळून जा. दळण झालं तर म्हणाली, आता काय जातेस, जत्रा संपली. तशीच निघाले. एक सूप देवीला वाहायचंय, बाकीची विकायची होती. आता कुठली विकतात!" ती हसली. "तुम्ही असे गाडीत का बसून? कुणी न्यायचं राहिलं का तुम्हाला?"

गोंदाजीनं क्षणभर विचार केला. "राहिलं खरं," तो म्हणाला. "मला दिसत नाही बाई. हात धरशील?"

"धरते की. पण पाय उचला हां, सावली पायरीला टेकत आली."

तिनं एका हातानं भारा सावरला आणि दुसऱ्या हातानं त्याला धरलं. दोघं निघाली. वेशीच्या उंबऱ्यावर ती म्हणाली, "उंबरा उंच आहे, आजोबा. मी आधी पलीकडं जाते, मग तुम्हाला ओढते." ती आधी गेली. मागून गोंदाजीचं पाऊल पडलं.

तेवढ्यात नगाऱ्यावर टिपरी पडली.

येसाक्का आणि सरदारीणबाई एकदमच निघाल्या. येसाक्का "अहो, चला!" असं ओरडत पुढं झाली, यजमानांना दिसत नाही हे घाईत विसरून, ते मागोमाग येतीलच अशा खात्रीनं. मेण्यातून उतरलेल्या बाई पदर सावरत पळाल्या. दोघी वेशीच्या उंबऱ्याशी एकदमच पोचल्या. आणि तिथं येऊन, बरं का, दोघी थांबल्या.

"व्हा पुढं," येसाक्का धापा टाकत म्हणाली.

"तुम्ही व्हा," सरदारीणबाई म्हणाल्या.

"वयानं तुम्ही मोठ्या."

"मी? तुमच्याहून चार पावसाळे लहान असेन!"

"तरी तुम्ही आधी."

नगारा थांबला. वेशीची फळी आडवी सरकली, आतून अडसर पडला. दोघी बाहेर.

येसाक्कानं वळून पाहिलं. गाडी रिकामी होती. केळ्यांच्या साली खाली पडल्या होत्या. हाका मारत ती गाडीभोवती फिरली, ओढ्याकडं बघून आली, पुन्हा वेशीशी आली. दरवाजा बाभळीच्या फळ्यांचा होता, मध्ये फट होती. तिनं फटीला डोळा लावला.

आत देवळासमोर माणसं दाटली होती. गुरव विचारत होता, "शेवटचं पाऊल कुणाचं?"

"या आजोबांचं," बुरूडीण म्हणाली. "माझं नाही. मी एक पाऊल आधी."

येसाक्काला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिचा धनी! तिनं दिवसभर जे मांडून ठेवलं होतं, ते तिच्यावाचूनच झालं होतं. आनंदानं तिनं फळीवर दोन्ही हात आपटले.

"अहो! डोळे मागा! डोळे!"

गोंदाजीला देवळाच्या पायरीवर नेलं होतं. त्यानं मान वळवली. "येसू? कुठून बोलतेस?"

"बाहेरून. ते जाऊ द्या. डोळे मागा आधी!"

"बाहेरून म्हणजे? वेस तर लागली."

"लागली तर लागली! मी पुढल्या वर्षी येईन. तुम्ही डोळे मागा, दुसरं काही बोलू नका!"

गोंदाजी आत गेला. चाचपत त्यानं दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवून बसला. मग वाकून देवीच्या कानाशी काहीतरी बोलला. एवढासाच शब्द असावा. बाहेर येऊन तो गुरवाला म्हणाला, "मामा, वेस उघडा."

"आज वेस उघडत नाही, पाटील. रीत आहे."

"मी देवीपाशी तेच मागितलंय."

गुरव म्हातारा होता. त्यानं अनेकांची मागणी बघितली होती. राज्य मागणारे आले होते, मुलगा मागणारे आले होते. मागणं पुरवायला स्वतः उठावं लागेल, अशी वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"शेवटच्या पावलाचं मागणं अडवायचं नाही, हीपण रीतच आहे," तो पुटपुटला आणि जाऊन त्यानं स्वतः अडसर काढला.

उघडलेल्या वेशीतून येसाक्का आत आली. तिच्या मागून सरदारीणबाईही आल्या, खाली मान घालून. या वेळी कुणी कुणाला आधी जा म्हटलं नाही.

येसाक्का यजमानापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "काय केलंत हो हे? वर्षाचं एक मागणं. ते दारावर घालवलंत?"

"मग काय करायचं होतं?"

"डोळे मागायचे होते!"

"डोळे आले असते आणि तू भिंतीपलीकडं असतीस," गोंदाजी म्हणाला, "तर बघितलं कुणाला असतं मी? या गुरवाला?"

गुरव हसला. माणसं हसली. येसाक्काला मात्र रडू कोसळलं. बुरूडणीनं सुपांचा भारा खाली ठेवून तिला त्यावर बसवलं आणि तिच्या हातात भाकरी दिली. त्या संध्याकाळच्या पंगतीत येसाक्का सगळ्यांच्या आधी जेवली. ते कुणाला सांगायचं तिला सुचलं नाही.

देवीनं डोळे दिले असते का, ते मला विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक असल्यासारखं बोलतात त्यांनाही नाही. घडलं ते एवढंच, की दिवाळीच्या आत गोंदाजीचा उरलासुरला उजेड गेला. दारात पणत्या लावल्या तेव्हा त्यानं तेलाच्या वासावरून त्या किती आहेत ते सांगायचा प्रयत्न केला आणि तो चुकला. मागणं मागायची वेळ आपण माळावर झाडाआड घालवली, ही टोचणी येसाक्काच्या मनातून जन्मभर गेली नाही. त्याचा हात धरून तिनं पुढं अकरा वर्षं त्याला शेतावर नेलं, ओढ्यावर नेलं, लेकीच्या घरी नेलं.

जत्रेला ती दर वर्षी येई. हातात शेवरीची काठी घेऊन सकाळपासून वेशीबाहेर उभी राही आणि झुडपाआड दडलेल्यांना हुसकून आत घाली. "काटा आहे का रे पायात? दाखव बघू! नाही ना? मग हो आत, भाकऱ्या गार होताहेत!" मोठमोठ्या घरच्या बायकांनाही ती सोडत नसे. खरोखर दमूनभागून येणाऱ्याला ती हाताला धरून वेशीपर्यंत आणी. पण आपला पाय मात्र त्याच्या आधी आत टाकी, म्हणजे शेवटचं पाऊल त्याचंच राही.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: पहिल्या जागेवर डोळा ठेवून जो मागं उभा राहतो, तो नम्र नसतो, हावरा असतो.