उंबरगडाचं दही लागेना

एक होता राजा, आणि तो होता रुसका. नाव धुंडिराज, राज्य उंबरगड. शेजारी चार राज्यं होती. पाचांनी मिळून एक मंडळ केलं होतं. वर्षातून एकदा पाचही राजे एका पंगतीला जमायचे आणि त्यांतला एक राजा स्वतः वाढायचा. पाळीपाळीने, बरं का.

एका वर्षी काय झालं, वाढप धुंडिराजापर्यंत आलं सगळ्यांत शेवटी. झालं! राजा पानावरून उठला. "आमचं आम्ही बघू," म्हणाला, आणि घरी येऊन वेशीचा दरवाजाच लावून घेतला. आणि गंमत बघा, त्या दिवसापासून उंबरगडात दही लागेना.

राणी केतकीला तेव्हा दिवस गेलेले. तिला डोहाळे लागले दहीभाताचे. दुसरं काही गोडच लागेना. मग तिने दुधात लिंबू पिळलं. दूध फाटलं. मग चिंच टाकली. परत फाटलं. मग मिरचीची देठं टाकली. दूध आपलं तसंच. राणी रोज वाळत चालली. पण डोकं स्वस्थ बसेना. असं का होतंय?

मग तिला फडताळात एक वाटी दिसली. मोर कोरलेली. आपली नाही ही! शेजारच्या रेवती राणीकडून विरजण यायचं ते हिच्यातच.

केतकी राजाकडे गेली. "अहो, वाटी लोकांची आहे. परत करायला हवी."

"पाठव शिपायाबरोबर."

"रिकामी?"

कितीही राग असो, शेजारचं भांडं रिकामं कसं पाठवणार? त्याने उठून तिच्यात गुळाचा खडा टाकला. मग केतकी म्हणाली, "मीच जाते."

वेशीचा दरवाजा गंजला होता. तो करकरत उघडला, तशी समोर रेवती राणी दुधाची चरवी घेऊन उभी! तिच्याकडेही दही लागत नव्हतं. चारही राज्यांत नव्हतं, बरं का. ती विचारायलाच निघाली होती, पण दार कसं ठोठावावं म्हणून बाहेरच घुटमळत होती.

दोघींनी आपापलं दूध एकत्र केलं. ते जरासं थरथरलं, पण लागेना. मग तिसऱ्या राज्याचं घातलं. कडेकडेने घट्ट झालं. मग चौथ्याचं आणि पाचव्याचं घातलं, आणि सकाळी पाहिलं तर हंडाभर दही, सुरीने कापावं असं!

"आता पंगत," रेवती म्हणाली. "आणि वाढायची पाळी उंबरगडाची. पुढची पाळी तुमच्याच राजांची होती, पण ते आधीच रुसून गेले."

धुंडिराज आधी नाहीच म्हणाला. मग त्याने केतकीच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि उपरणं कमरेला बांधलं. पहिला दहीभात तिला वाढला. तिने डोळे मिटून खाल्ला. मग तो वाढतच गेला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सगळे उठले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण अजून जेवलोच नाही. पातेल्यात उरली होती खरवड.

ती खाता खाता तो थांबला. त्या वर्षी वाढायला होता रेवतीचा नवरा, राजा भानुसेन. धुंडिराजाने त्याला विचारलं, "त्या वर्षी माझ्यानंतर कोण जेवलं हो?"

"मी," भानुसेन म्हणाला. "तुमच्या पानावर होतं तेवढंही उरलं नव्हतं मला."

धुंडिराजाला फार वाईट वाटलं. त्याने आपल्या हाताने भानुसेनला खरवडीतली अर्धी दिली. दोघे तिथेच जमिनीवर बसून जेवले. वेशीचा दरवाजा पुन्हा कधी लागला नाही. केतकीला मुलगी झाली, गुटगुटीत. मोराची वाटी आज या घरी, उद्या त्या घरी, पण रिकामी कधी नाही. सगळे आनंदात राहिले.

चला, गोधड्या ओढा आता. मीही दूध विरजून ठेवलंय. हलवलं की ते लागत नाही, म्हणून तुम्हीही हलू नका. सकाळी उठाल तेव्हा दही झालेलं असेल.