फळ्यावरचा पासवर्ड

कॉलेजच्या पाणपोईपासून सायकल स्टँडपर्यंत जिथे तिथे अध्यक्ष रणधीरराव आवटे यांचं नाव झळकत होतं. उद्या निकाल, आणि त्यांचा पुतण्या गणितात गटांगळ्या खाणार हे उघड होतं. संगणक विभागात केंजळेबाईंचा तास चालू असतानाच रणधीरराव तणतणत आत शिरले.

"केंजळेबाई, रूटचा पासवर्ड द्या! संस्था माझी आहे!"

रूट म्हणजे गुणांच्या नोंदींसकट सगळ्या यंत्रणेवर हुकूम चालवणारं एकमेव खातं. बाई नाही म्हणणार, असं धरूनच ते आले होते. बाईंनी मात्र मार्कर उचलला आणि भर वर्गात पासवर्ड फळ्यावर लिहून टाकला!

रणधीरराव थक्कच झाले. घाईघाईनं त्यांनी तो टाइप केला. प्रवेश नाकारला. पुन्हा केला. पुन्हा तेच!

"खोटा दिलात?"

"खराच आहे, साहेब. पण नुसत्या पासवर्डवर रूटचं दार उघडत नाही, माझ्यासाठीसुद्धा. आधी आपल्या नावानं आत यायचं, मग तो अधिकार घ्यायचा. कोणी काय बदललं, ते नावानिशी नोंदलं जातं. तुमचं खातं तयार आहे. पाणपोईवर तुमचं नाव आहेच, आता इथेही लागू द्या!"

सगळा वर्ग बघत होता. रणधीररावांनी कीबोर्डवरून बोटं अशी उचलली, जणू तो तापलेला तवाच होता.