लग्नापुरता दिलेला मजला

खूप जुन्या काळची गोष्ट. समुद्राकाठी एक राज्य होतं. तिथल्या राजाच्या मनात आलं, की आपल्या राजधानीत असा उंच मनोरा उभारावा, की गलबतांना किनाऱ्याआधी तोच दिसावा. मनोऱ्यात दरबारातल्या लोकांनी बिऱ्हाडं करावीत आणि सगळ्यांत वर राजाची बैठक असावी.

राजाने सोमदेव नावाच्या स्थपतीला बोलावलं. राज्यातली मोठमोठी देवळं आणि पूल त्यानेच बांधले होते. कामात पक्का, पण बोलायला फटकळ.

“महाराज, पाया मी खडकापर्यंत नेईन,” सोमदेव म्हणाला. “वाऱ्यात वरचे मजले थोडे डुलतील, तेही सांभाळीन. पण एवढ्या उंचीवर आग लागली, तर माणसांनी जायचं कुठं? मला दोन मजले रिकामे हवेत. एक खालच्या अंगाला, एक वरच्या. तिथं लाकडाची ढलपीसुद्धा असणार नाही. नुसता दगड, जाड लोखंडी दारं आणि हवेसाठी मोठे झरोके. त्या दोन मजल्यांवरून बाहेरच्या भिंतीतला वेगळा दगडी जिना थेट जमिनीवर उतरेल.”

“दोन अख्खे मजले रिकामे?”

“रिकामेच. मान्य नसेल, तर दुसरा माणूस बघा.”

राजा हसला आणि कबूल झाला.

मनोरा उभा राहिला. लोक राहायला आले. वादळं आली, वरच्या मजल्यांवर भरलेल्या भांड्यांतलं पाणी डचमळलं, पण कुठे साधी चीर पडली नाही. वर्षं सरली. रिकाम्या मजल्यांवर वाऱ्याखेरीज कुणी फिरकत नव्हतं. फक्त राजमाता जिना चढताना वरच्या रिकाम्या मजल्यावर थांबायच्या, गुडघे चोळत झरोक्यापाशी बसायच्या. त्यांचं बघून इतर म्हातारी माणसंही तिथं टेकू लागली.

मग राजकन्येचं लग्न ठरलं.

गाद्या, लोड, पडदे, मांडवाचे खांब, रंगीत कनाती. सामान ठेवायला जागा पुरेना. दिवाणजी म्हणाले, “महाराज, दोन मजले ओस पडलेत. लग्नापुरते वापरले, तर काय बिघडलं?”

सोमदेव तिथंच होता. तो ताडकन उठला. “ती जागा सामानाची नाही!”

“अरे, चार दिवसांचा तर प्रश्न आहे,” राजा समजुतीने म्हणाला. “माझ्या घरी एकच लग्न आहे.”

लेकीच्या लग्नात विघ्न आणणारा म्हणून नाव व्हायला नको, असं सोमदेवला वाटलं. तो परत खाली बसला.

खालचा मजला भरला. वरच्या मजल्यावर हमाल गेले, तर राजमाता झरोक्यापाशी बसलेल्या. त्या म्हणाल्या, “ठेवा ना सामान. मी त्या गाद्यांवरच बसेन आणि उठणार नाही. मग लग्न लावा माझ्याशिवाय.” हमाल आल्या पावली परतले.

लग्न थाटात झालं. राजकन्या सासरी गेली. सामान मात्र राहिलं. आधी पावसाळा आडवा आला, मग सणवार. पुढे त्यात जुने गालिचे आणि मोडके पलंग येऊन पडले. झरोके झाकले गेले. बाहेरच्या जिन्याचं दार कनातींच्या ढिगामागे दिसेनासं झालं.

एका दुपारी एक नोकर लोड आणायला त्या मजल्यावर गेला. झरोके झाकल्यामुळे आत अंधार होता, म्हणून त्याने हातात दिवा घेतला. लोड ओढताना वरचा ढीग कोसळला आणि दिवा पडद्यांवर पडला.

बघता बघता मजला पेटला. त्याच्या खालची माणसं धावत बाहेर पडली. वरच्यांची उतरायची वाट मात्र बंद झाली. आतल्या जिन्यात धूर भरत चालला. राजा तेव्हा वर बैठकीत होता. तोंडाला उपरणं लावून, माणसांच्या रेट्यातून तो वरच्या रिकाम्या मजल्यावर पोचला. तिथं राजमाता दार धरून उभ्या होत्या.

“आत या, आत या! पोरांना झरोक्याकडे न्या!” त्या ओरडत होत्या. मधल्या मजल्यांवरून चढून आलेला शेवटचा माणूस आत आला, जिन्यातला आवाज थांबला, तेव्हा दार लागलं. मग बाहेरच्या दगडी जिन्याने सगळे एकेक करून खाली उतरले.

खाली आल्यावर नावं घेऊन माणसं शोधली. सात जण सापडले नाहीत. सगळे मधल्या मजल्यांवरचे, म्हातारे आणि आजारी. त्यांना एवढं वर चढणं झेपलं नव्हतं. खालचा मजला जवळ होता, पण तोच पेटला होता.

राजा सोमदेवजवळ गेला. “तू सांगितलं होतंस.”

“एकदाच सांगितलं, महाराज,” सोमदेव म्हणाला. त्याचा नेहमीचा चढा आवाज पार बसला होता. “मग मांडवात पंगतीला बसून जेवलो. पुन्हा कधी विचारलं नाही.”

राजा सातही घरी पायी गेला. शेवटच्या घरी एका सुनेने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, “मामंजी जिन्यापर्यंत आले होते. म्हणाले, तू पोरांना घेऊन वर पळ, मी खाली जातो, तिथं रिकामा मजला आहे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का, तो भरलाय म्हणून?”

 राजा तिच्या उंबऱ्यावर खाली बसला आणि त्याने मुकुट काढून बाजूला ठेवला.

पुढे शेजारच्या राजाने त्याहून उंच मनोरा बांधला. दरबारातल्या कुणी तरी म्हटलं, आपणही आणखी मजले चढवू. राजाने नुसती नकारार्थी मान हलवली. त्या दिवशीही तो नेहमीसारखा जिने उतरत गेला, दोन्ही मजल्यांची दारं स्वतः उघडून ते रिकामे आहेत ना, हे त्याने पाहिलं आणि मगच जेवायला बसला. मरेपर्यंत त्याने हे चुकवलं नाही.

तात्पर्य: संकट आलं नाही म्हणून संकटासाठी राखलेली जागा वाया गेली, असं कधी समजू नये.