काळ्या पाण्यातले मासे

"पण मी बोलावलंच न्हवतं, बुवा. मग ही माणसं आली कशाला?"

दौलत शिंत्रेनं हे विचारलं तेव्हाही त्याचा हात चालूच होता. तांब्या फिशटँकमध्ये बुडवायचा, भरून वर उचलायचा आणि पाणी उंचावरून धारेनं परत टँकमध्ये सोडायचं. की पुन्हा बुडवायचा.

गावातल्या मठाचे सखागिरी बुवा त्याच्यासमोर रंगाच्या पालथ्या बादलीवर बसले होते. त्या खोलीत बसण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" बुवांनी विचारलं.

"हवा घालतोय. वीज तोडल्या, पंप बंद हाय. पाणी वरनं पडलं की त्याच्याबरोबर हवा आत जाती. तेवढ्यावर तग धरतील मासे."

"हं…"

त्या दिवशी सकाळी दौलतच्या स्वयंपाकघरात वायर जळाली आणि बघता बघता आगीनं आतलं घर घेतलं. बंब आला, पण तोवर स्वयंपाकघर आणि मागची खोली गेली होती. पुढच्या हॉलला आग लागली नाही, पण धुरानं छतापासून फरशीपर्यंत सगळं काळं करून टाकलं. त्या काळ्या हॉलच्या कोपऱ्यात काचेचा टँक तेवढा उभा राहिला, आणि आतले मासे जिवंत होते.

मासे शालनचे, म्हणजे दौलतच्या बायकोचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या घरात सकाळी उठल्यावर पहिलं बोलणं व्हायचं ते माशांशी. त्यातल्या सगळ्यात लठ्ठ, नारिंगी माशाचं नाव तिनं 'सरपंच' ठेवलं होतं. काही काम न करता तो दिवसभर सगळ्यांमधून हिंडतो म्हणून.

शालन निपाणीला बहिणीकडे गेली होती म्हणून वाचली. दौलतनं तिला फोनवर सगळं सांगितलं. मग तिनं एवढंच विचारलं, "मासे?"

"हायत," दौलत म्हणाला.

ती सकाळच्या एसटीनं येणार होती. तोवर तो एक शब्द खरा ठेवायचा होता. जळालेल्या घरात तिला दाखवायला दौलतकडे दुसरं काहीही नव्हतं.

"कोण आलंय म्हणालास?" बुवांनी विचारलं.

"तुम्ही बघितलासा की येताना. समोरच्या कट्ट्यावर बसल्यात. इस्माईल आन् राजाराम."

"तुझे मित्र."

"व्हय. शाळेपास्नंचे."

"आत का नाहीत?"

"नको म्हणालो मी. माझं मी बघतो म्हणालो आन् गेट लावून घेतलं. तरी जाईनात घरला."

आता दौलतबद्दल थोडं सांगायलाच हवं. आजऱ्यात त्याचं फरशांचं दुकान होतं आणि गावात नाव होतं देणारा माणूस म्हणून. लग्न असो, मयत असो, हा सगळ्यांच्या आधी हजर. पण कुणी म्हटलं, "दौलतराव, घोटभर चहा घेऊन जावा," की याला लगेच पित्ताचा त्रास सुरू व्हायचा. मला विचाराल तर अशा माणसांबरोबर राहणं फार अवघड असतं. ती तुम्हाला काही परत करूच देत नाहीत, आणि वर गाव त्यांनाच साधं म्हणतं.

तांब्या बुडाला. वर आला. धार पडली.

"हात दुखत नाही?"

"न्हाई."

पण आता धार कधी काचेवर पडत होती, कधी बाहेर.

"वीज कधी येणार?"

"उद्या बघतो म्हणाला वायरमन."

"तोवर तू हेच करणार."

"करणार."

"झोप?"

"एक दिवस न्हाई झोपलो म्हणून मरत न्हाई माणूस."

"माणसाचं कोण विचारतंय?" बुवा म्हणाले.

पाण्यावर काजळीचा पातळ तवंग पसरला होता. त्याच्याखाली मासे तोंडं वर करून पाण्याच्या वरच्या कडेला लागले होते. सरपंच तर हिंडायचाच थांबला होता.

बुवांची नजर खिडकीत गेली. तिथं एक वाडगा होता, वर ताटली झाकलेली. बुवा उठले, त्यांनी ताटली उचलली.

आत मेलेले मासे होते. लहान, चांदीच्या रंगाचे.

"हे कसे गेले?"

दौलतनं धार टँकमध्ये सोडली.

"दौलत."

"पाणी काळं झालं हुतं, बुवा. बघवंना. नळाची नळी लावली. म्हटलं, स्वच्छ पाणी मिळू दे… एरवी आम्ही पाणी साठवून, मुरवून मग घालतो. नळाच्या पाण्यात औषध असतंय, माशास्नी सोसत न्हाई. आज ध्येनातच आलं न्हाई. जरा वेळानं बघतोय तर ही उलटी झाली."

"इस्माईलच्या घरीही मासे आहेत ना?"

"हायत. माझ्याआधीपास्नं."

"तो काय करत होता तेव्हा?"

दौलतनं मान खाली घातली. "गेटावरनं वरडत हुता. दौल्या, नळी घालू नको, नळी घालू नको म्हणून."

"तुला ऐकू आलं?"

"…आलं."

बुवांनी ताटली पुन्हा झाकली आणि येऊन बादलीवर बसले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर दौलतला जरा बरं वाटलं असतं.

"मठाच्या पंगतीला किती वर्षं वाढतोयस तू?"

"लई वर्षं झाली, बुवा. दर सोमवारी. तुमच्या कृपेनं एक पंगत चुकवली न्हाई."

"पंगतीत बसलास कधी?"

"न्हाई. मी आपला वाढणारा. सगळ्यांचं झाल्यावर घरी जाऊन जेवतो."

"घरी का?"

"सेवा हाय ती माझी."

"कुणाची?"

दौलतनं तांब्या बुडवला, वर उचलला.

बाहेर कट्ट्यावर कुणीतरी शिंकलं. इस्माईल असावा. धुरानं त्याला नेहमीच त्रास व्हायचा, तरी सकाळपासून तो तिथंच होता.

"बुवा, खरं सांगू?" दौलत म्हणाला. "मला भीती वाटती. आज ह्यांचं घेतलं तर उद्या रस्त्यानं चालताना ह्यांच्याम्होरं मान वर कशी करू? घर जळालं त्याचं एवढं न्हाई वाटलं. पण सकाळी सगळी गल्ली माझ्याकडं बघत हुती… मी अंगावरच्या बनियनवर उभा हुतो रस्त्यात. मेल्यासारखं झालं."

हे बोलताना त्याला रडू आलं. तांब्या मात्र त्यानं थांबवला नाही.

बुवांनी त्याला रडू दिलं.

मग म्हणाले, "श्वास सोड."

"आं?"

"श्वास सोड बाहेर. पुरता."

दौलतनं सोडला.

"अजून सोड."

त्यानं पोट आत ओढून उरलासुरला सोडला.

"सोडत राहा. घ्यायचा नाही."

दौलतनं बुवांकडं बघितलं. बुवा शांत होते. गुरूचा शब्द, म्हणून तो ओठ मिटून उभा राहिला. थोड्या वेळानं त्याचा चेहरा लाल झाला. गळ्याच्या शिरा ताठल्या. तांब्या टँकच्या काठाला टेकला आणि तिथंच थांबला.

बुवा बघत राहिले.

शेवटी दौलतचं तोंड आपोआप उघडलं. त्यानं धुराच्या वासाची ती कोंदट हवा आवाज करत आत ओढली, मग पुन्हा ओढली. त्याला ठसका लागला.

"का घेतलीस?" बुवांनी विचारलं.

दौलत अजून ठसकत होता.

"तू तर देणारा माणूस."

दौलत टँकचा काठ धरून वाकला होता. त्याचं तोंड काचेपाशी आलं होतं. काचेच्या पलीकडे, अगदी समोर, सरपंच तोंड उघडत होता, मिटत होता, उघडत होता.

दोघांची तोंडं सारखीच हलत होती.

दौलत तसाच बघत राहिला. मग त्यानं तांब्या बुवांच्या हातात दिला आणि दाराकडे गेला.

गेट उघडणं सोपं होतं. बोलणं जमत नव्हतं. गावभर ज्याचा आवाज चालायचा तो माणूस गेटात उभा राहून नुसता घसा खाकरत होता. समोर इस्माईल दरवाजकर आणि राजाराम होडगे उठून उभे राहिले.

"इस्माईल…" दौलत म्हणाला. "जरा येतोस काय? मला… माझ्याच्यानं होईना झालंय."

"दोन्दा चहा पिऊन झाला आमचा हितं बसून!" इस्माईल रस्ता ओलांडतानाच बोलायला लागला. "आत्ता सुचलं व्हय रं तुला? व्हो बाजूला. राजा, कॅन आण आधी."

कॅनमध्ये इस्माईलच्या टँकमधलं पाणी होतं. जुनं, मुरलेलं, जरा हिरवट. निम्मा टँक उपसून आणला होता त्यानं.

"तुझ्या माशांचं काय?" दौलतनं विचारलं.

"माझ्या माशास्नी सांगून आलोय. दाटीनं बसा म्हटलं आज. पाव्हणं यायच्यात."

मग त्यानं काखेतली जुनी वर्तमानपत्रं काढली. एकेक कागद अलगद पाण्यावर पसरायचा, क्षणभर थांबायचं आणि टोकाला धरून उचलायचा. कागदाला काजळीचा तवंग चिकटून वर येत होता. दौलत बघत राहिला, तसा इस्माईल खेकसला, "बघतोस काय? धर दुसरं टोक. फाटंल."

दौलतनं दुसरं टोक धरलं.

राजारामनं हातगाडीवरून इन्व्हर्टर आणि बॅटरी उतरवली. दोन्ही त्याच्या स्वतःच्या घरातून काढून आणली होती. भिंतीवरचा स्क्रूसुद्धा त्याच्या खिशात होता.

"अरं, तुझ्या घरात लाईट गेली तर?"

"गेली तर बायको ओरडंल. तशी ती लाईट असताना पण ओरडती. पंपाची पिन कुठाय?"

पिन काळी झाली होती. राजारामनं ती शर्टाला पुसली आणि इन्व्हर्टरमध्ये घातली.

काहीच झालं नाही.

बुवा तांब्यानं पाणी घालतच होते, तेवढाच आवाज होता. राजारामनं पिन काढली, चाकूनं खरवडली, पुन्हा घातली. पंप घरघरला. थांबला. इस्माईलनं त्याला वरून एक टिचकी मारली, आणि टँकच्या तळातून बुडबुड्यांची एक वाकडी रांग वर यायला लागली.

"चाललं!" राजाराम ओरडला. वय विसरून त्यानं टाळी वाजवली.

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

इस्माईल कॅनमधलं पाणी थोडं थोडं, हाताच्या तळव्यावरून आत सोडत होता. भांडी नव्हती, चूल नव्हती, म्हणून राजारामच्या घरून किटलीभर चहा आला. एक कप दौलतच्या हातात कुणीतरी दिला. त्यानं पित्ताच्या त्रासाचं काही सांगितलं नाही. चहा गोड होता, आणि तो त्यानं सगळा प्याला.

ऊन उतरलं तेव्हा मासे काठ सोडून खाली गेले होते. सगळे नाहीत. एक-दोन अजून काठापाशीच होते, आणि इस्माईल त्यांच्यावर डोळा ठेवून होता. सरपंच मात्र उठला आणि जणू काही झालंच नाही असा सगळ्यांमधून हिंडायला लागला. त्याला बघून तिघंही हसले. काळ्या भिंतींच्या त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

दौलतनं शालनला फोन लावला. "हायत," तो म्हणाला. तेवढ्यात इस्माईलनं फोन घेतला आणि "भाभी, तुमचा सरपंच निवडून आला," म्हणून सांगितलं.

बुवा निघाले. दौलत त्यांना पोचवायला गेटापर्यंत आला. आत राजाराम आणि इस्माईल रात्री कुणी आधी जागायचं यावरून भांडत होते.

"बुवा…"

"काय?"

"मासे वाचतील. पण मला एक सांगा. ह्या दोघांचं एवढं मी कसं फेडू?"

बुवा थांबले. "दुपारभर त्या माशाला हवा घातलीस."

"व्हय."

"मग तो काय म्हणाला तुला?"

"मासा?" दौलत गोंधळला. "तो काय म्हणणार, बुवा? काही न्हाई… जगला."

"मग तूही तेवढंच कर."