उष्टी मुरड

ऐका, आणि मधे बोलायचं नाही. एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी सारजा नावाची पोर राहायची. ती आणि तिची आई, दोघीच. पोर गुणी, पण अंगठा सदा तोंडात. बोलायला बाहेर काढायची आणि बोलून झालं की परत आत.

आई डोंगरावर हिरडे गोळा करायला जायची. आता त्या डोंगरावर होता चकवा. चकवा दिसत नाही, चावत नाही. वाट फिरवतो. माणूस चालतंय, चालतंय, आणि फिरून त्याच झाडाशी. मग हळूहळू ते माणूस घर विसरतं. सरक जवळ. मी आहे ना, घाबरतोस काय असा?

म्हणून त्या गावात एक रीत होती. डोंगरावर जाणाऱ्याच्या फडक्यात मुरडीचा कानवला बांधायचा. कानवल्याची कड चिमटीत धरायची, अंगठ्यानं दाबायची आणि आत वळवायची. ती मुरड. घरी राहणाऱ्यानं मुरड घातली, की जाणारा माघारी मुरडतो. पण उष्ट्या हाताची मुरड चालत नाही, बरं का.

एके सकाळी आई म्हणाली, "सारजे, आज तू मुरड घाल गं." सारजा बसली. एक चिमटी घातली, अंगठा तोंडात. दुसरी घातली, परत अंगठा तोंडात. आईचं तोंड चुलीकडे, तिला काय कळणार? तळताना कानवला कडेनं उकलला, सारण तेलात सांडलं. आई म्हणाली, "असू दे, पहिलाच आहे." आणि तोच फडक्यात बांधून गेली.

तिन्हीसांजा झाल्या. गुरं परत आली, आई काही आली नाही. मग डोंगरातून हाक आली, "सारजे, वाट सापडत नाही गं." हाक एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. शेजारची भागाआत्या धावत आली. म्हणाली, "दुसरा कानवला करू, उंबऱ्यावर ठेवू. सकाळी अंगठा उष्टा नव्हता ना केलास?" सारजा म्हणाली, "नाही." खोटं बोलली मेली. आणि मुरड घालता घालता भीती वाटली, की पोर काय करणार? अंगठा तोंडात. तोही कानवला तेलात उकलला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला हाक आली ती अगदी बारीक. सारजा अंगणातून ओरडली, "आई, मी इकडे आहे." तर वरून आई म्हणाली, "कोण गं तू? कुणाची?"

हं, तुम्ही नाही रडायचं. सारजा मात्र रडली. आत्याच्या कमरेला मिठी मारून तिनं सगळं खरं सांगितलं. आत्या रागावली नाही. तिनं पोरीचे हात राखेनं खसाखसा धुतले, पारी लाटून दिली, सारण भरून दिलं. म्हणाली, "मुरड तुझीच हवी. मी पायवाटेवर कंदील घेऊन उभी राहते." आणि गेली.

घरात सारजा एकटी. तिनं पहिली चिमटी घातली. चुलीमागं काहीतरी सरकलं. अंगठा निघाला तोंडाकडे. तिनं तो पिठात खुपसला. मग पुढची चिमटी. दारावर कुणीतरी नख ओढलं. अंगठा हनुवटीपर्यंत गेला. तिनं ओठ घट्ट मिटले. मग दाराबाहेरून आवाज आला, थेट आईचा. "दमलीस गं बाळा. घाल अंगठा तोंडात आणि झोप."

सारजाला दार उघडावंसं वाटलं. फार वाटलं. पण आई तिला कधी बाळा म्हणायची नाही. आणि अंगठा तोंडात घाल, असं तर जन्मात म्हणाली नसती. सारजा म्हणाली, "माझ्या आईला घरी यायचंय. मला काम आहे." आणि रडत रडत तिनं शेवटपर्यंत मुरड घातली. वाकडीतिकडी, कुठे जाड, कुठे बारीक. पण उष्टी नव्हती.

बाहेरचा चकवा गप्प झाला. आत्यानं येऊन कानवला तळला. टम्म फुगला, कुठेही उकलला नाही. तो उंबऱ्यावर ठेवला आणि दोघी बसून राहिल्या. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग अंगणात पावलं वाजली. आई आली. पायांत काटे, केसांत पाचोळा. उंबऱ्याशी थबकली आणि पोरीकडे परक्यासारखी बघत राहिली. मग आईनं वाकून कानवला उचलला, कडेवरून बोट फिरवलं, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "सारजे, किती वाकडी गं ही मुरड."

सारजा तिच्या गळ्यात पडली ती सोडेचना. पुढे मायलेकी खाऊनपिऊन सुखात राहिल्या. झालं, संपलं. दिवा मालवते आता. हात पांघरुणावर ठेवा, मला दिसू देत. आणि झोपा.