नारदाच्या गादीवरची माफी

वाघूर नदीच्या काठी सावरगव्हाण नावाचे एक गाव आहे. तेथील मठात श्रीमल्हारदास महाराजांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षे काढली. महाराज कीर्तनाला उभे राहिले की पंचक्रोशी लोटायची. कीर्तनकार जेथे उभा राहतो ती नारदाची गादी. तीवर उभा असेल त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचे, अगदी त्याच्या बापानेसुद्धा. तो मात्र कोणापुढे वाकत नाही, अशी रीत. ही रीत सांभाळण्याचे काम मठाचे कारभारी बाळंभट उपासनी यांनी आपणहून अंगावर घेतले होते. त्यांची भक्ती खरी होती, यात शंका नाही. फक्त महाराजांपेक्षा ‘आमचे महाराज’ त्यांना जरा जास्त प्रिय होते!

आषाढातल्या वद्य एकादशीला महाराज कीर्तनात रंगले होते. देव सगळीकडे भरलेला आहे, असा विषय होता. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, “आता आपल्या बुढन पिंजाऱ्याचे लोक बघा. सगळे एकाच दिशेला तोंड करून बसणार. समजा देव मागून आला, तर त्या बिचाऱ्याला नुसत्या पाठीच दिसायच्या!”

मंडप हसून लोळला. शेवटच्या खांबाशी बुढनभाई बसला होता. गावाचा कापूस पिंजून देणारा हा मुसलमान गृहस्थ देवळाच्या वातींसाठी निवडक कापूस आणून देई आणि पायरीवर ठेवून निघून जाई. तोही थोडा हसला. आपल्याकडे कोणी पाहू नये म्हणून माणूस हसतो, तसे ते हसणे होते. सगळ्यांत मोठ्याने हसले ते बाळंभट. दुसऱ्या दिवसापासून पारावर, दुकानात, ओट्याओट्यांवर त्यांनी ते वाक्य नकलेसकट ऐकवले.

झाले! गावाला निमित्तच हवे होते. बुढनभाई रस्त्याने निघाला की मागून कोणी ओरडे, “चाचा, मागं बघा, देव आलाय!” तो नदीकाठी नमाजाला बसला की चांगली मिशी फुटलेली माणसे मागे जाऊन खोकू लागत. एकाने हसत हसत त्याची चटईच ओढली. त्याला कामाला बोलावणेही कमी झाले, कारण ज्याची थट्टा करायची त्याला घरात घ्यायला लोकांना अवघडल्यासारखे होते.

वातींचा कापूस येईना, तेव्हा महाराजांना चुकल्या-चुकल्यासारखे वाटले. बाळंभटांना बरोबर घेऊन ते पिंजारवाड्यात गेले. बुढनभाई घरातच नमाज पढत होता. मागची भिंत आणि कापसाची पोती यांच्या बेचक्यात, भिंतीला टाचा टेकवून. पुढे वाकले की कपाळ पोत्याला लागत होते. बाहेर एवढे मोठे अंगण मोकळे पडले होते.

“इतक्या अडचणीत का रे बाबा?” महाराजांनी विचारले. बुढनभाई खाली मान घालून चटई गुंडाळू लागला. उत्तर दिले त्याच्या बायकोने, चांदबीने. पदर सावरून ती म्हणाली, “महाराज, तितं त्यांच्या मागं कोणाला उभं राहता येत नाही. भायेर समदे मागनं ‘देव आलाय’ म्हणत्यात, तुमचंच वाक्य हाय ते. काल्याच्या दिवशी आम्ही जामनेरला माझ्या भावाकडं चाललो, कायमचं.”

महाराजांचा चेहरा पडला. ते तेथेच हात जोडून म्हणाले, “माझं चुकलं.” बुढनभाईने गडबडून त्यांचे हात धरले आणि जाऊ द्या, जाऊ द्या म्हणू लागला. चांदबी मात्र तशीच उभी राहिली. “तुमचं मन मोठं हाय,” ती म्हणाली, “पण हसलं ते समदं गाव. हात जोडले ते आमच्या दोघांपुढं.”

परतताना महाराज एवढेच बोलले की काल्याच्या कीर्तनात, गादीवरूनच, आपण बुढनभाईची माफी मागणार. बाळंभटांच्या पायाखालची जमीन सरकली. गुरू वाकला तर संप्रदाय वाकला, उद्या कोणीही येऊन आपल्याला वाकवील, असे त्यांनी परोपरीने सांगून पाहिले. शेवटी तडजोडही सुचवली, “कोणाचं मन दुखावलं असेल तर वाईट वाटतं, एवढंच म्हणा.”

“‘असेल तर’ कशाला?” महाराज म्हणाले. “दुखावलंय. आपण दोघं आत्ताच बघून आलो.”

“पण महाराज, गादी माफी मागत नाही!”

“गादी चुकलीच नाही, बाळंभट. मी चुकलो. आणि चुकताना मी काही खाली उतरलो नव्हतो.”

बाळंभटांनी वाद सोडला, हट्ट सोडला नाही. गोकुळअष्टमीच्या दुसऱ्या दिवशी काला. त्या सकाळी त्यांनी मठाची वीणा आपल्या घरी नेऊन पेटीत कुलूपबंद केली. मृदंगवाल्याला आणि टाळकऱ्यांना घरी बसवले. वीणेवाचून कीर्तन उभे राहत नाही, तेव्हा गादीची अब्रू वाचली, असा त्यांचा हिशेब होता.

दुपारी मंडप भरला. महाराज एकटेच गादीवर उभे राहिले. लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात रस्त्याने बुढनभाई आणि चांदबी जाताना दिसली. डोक्यावर गाठोडी आणि बुढनभाईच्या खांद्यावर कापूस पिंजायचे पिंजण, लांब दांड्याला आतड्याची तात ताणलेले. महाराजांनी हाक मारून त्यांना मंडपात बोलावले आणि म्हणाले, “बुढनभाई, आज माझ्याकडे वीणा नाही. तुझं पिंजण देतोस?”

आतड्याची तात देवापुढे कशी चालेल, असे पुढच्या रांगेतून कोणीतरी पुटपुटले. “मग मृदंगावर काय केळीचं पान ताणलंय?” महाराजांनी विचारले.

“महाराज, श्रावणाच्या दमट हवेनं तात ढिली पडलीया,” बुढनभाई संकोचून म्हणाला. “नुसती भदभद वाजंल.”

महाराजांनी पांडुरंगाचे नाव घेऊन तातीवर बोट टेकवले. काय आश्चर्य! ती ढिली तात शुद्ध षड्जात घुमली. बोट उचलले तरी घुमतच राहिली.

इकडे देवळामागच्या घरात बाळंभट जेवायला बसले होते. त्यांना पेटीतून आवाज येऊ लागला. आधी वाटले माशी असेल. कुलूप काढून पाहतात तो वीणेच्या तारा आपोआप थरथरताहेत, आणि मंडपातून येणारा तोच सूर त्यांतून उमटतो आहे! त्यांनी तारांवर हात दाबला. हात थरथरू लागला, सूर थांबला नाही. आपण देवाला कुलूप लावायला निघालो होतो, हे त्या क्षणी त्यांना कळले आणि ते भयंकर घाबरले. उष्ट्या हाताने वीणा उचलून ते धावत सुटले.

मंडपाच्या दाराशी ते पोचले तेव्हा महाराज बोलत होते. “एकादशीला याच जागी उभा राहून मी या माणसाच्या प्रार्थनेवर विनोद केला. तुम्हाला हसवण्यासाठी केला. देवाचं नाव घेताना कोणाचं तोंड कुठं असावं, हे ठरवणारा मी कोण? त्या बोलण्यामुळे हा आपल्याच गावात भिंतीला पाय लावून देवाला भेटतो. हे पाप माझं आहे. बुढनभाई, चांदबी, मला माफ करा.” आणि गादीवर उभ्या असलेल्या त्या महापुरुषाने सगळ्या गावादेखत पिंजाऱ्याला साष्टांग नमस्कार घातला.

मंडपात कोणी हसले नाही. बुढनभाई रडत होता. चांदबीने डोक्यावरचे गाठोडे खाली ठेवले.

बाळंभट पुढे आले. त्यांनी वीणा महाराजांपुढे धरली आणि ती पेटीत कशी वाजली, ते अडखळत सांगितले. महाराजांनी ती घेतली नाही.

“ते वाक्य मी एकदाच बोललो,” महाराज म्हणाले. “तुम्ही किती घरी सांगितलंत?”

“अकरा घरी,” बाळंभट म्हणाले. त्यांना प्रत्येक ओटा आठवत होता.

बाळंभटांनी वीणा गादीवर ठेवली आणि चांदबीचे गाठोडे स्वतःच्या डोक्यावर घेतले. सोवळे नेसलेले, जेवण अर्धे टाकून आलेले कारभारी ते ओझे घेऊन गावातून निघाले, मागून बुढनभाई, चांदबी आणि निम्मा मंडप. अकराही घरांपुढे थांबून, आत असेल त्याला बाहेर बोलावून, ते म्हणाले, “मी तुम्हाला हसत हसत जे सांगितलं ते वाईट होतं. माझं चुकलं.” दोन घरी लोकांनी दारे लावून घेतली. बंद दाराकडे पाहूनही ते तेच बोलले.

पिंजारवाड्यात पोचल्यावर त्यांनी गाठोडे उंबऱ्याशी उतरवले आणि बुढनभाईच्या पायांवर डोके ठेवले. बुढनभाईने त्यांना उठवायला हात पुढे केले, पण बाळंभट उठेनात. तेव्हा चांदबी पुढे झाली, कमरेची किल्ली काढून तिने दार उघडले आणि म्हणाली, “उठा दादा. अर्ध्या जेवणावरनं आलात. वाटंसाठी बांधलेली भाकर हाय, दोन घास खाऊन जा.”

बाळंभट उठले, आणि आत जाऊन जेवले.